निळ्या-पांढऱ्या चपलेतला पाय

माझी धाकटी बहीण श्याओ-छी, घरात आ-छी, सायकलचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होती. फंगयुआनच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं न्याहारीचं दुकान. मी तव्यापाशी, आई गल्ल्यावर, आणि आ-छी रोज सकाळी अंड्याची पोळी दातात धरून स्कूटरला किक मारणार. ऑगस्टमधल्या एका सकाळी तिने किक मारली नाही. पोळी हातात घेतली आणि म्हणाली, "ताई, मी तैपेईला अर्ज करतेय. मास्टर्सला."

"कशातलं?"

"डिझाइन आणि तंत्रज्ञान. दोन्ही एकत्र शिकवतात."

आई सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाली, "त्यातलं एक तर तुला येतंच."

"दुसरं येत नाही ना, म्हणून."

"मग निम्मंच शिकून ये. निम्म्या वेळात घरी येशील."

गिऱ्हाईकं हसली. आ-छी हसली नाही. तिचे कान लाल झाले होते, आणि तिचे कान लाल झाले की ती मागे हटत नाही, हे मला ती चड्डीत फिरायची तेव्हापासून माहीत आहे.

तिचं दुखणं मला थोडंफार ठाऊक होतं. ब्रेक किती दाबला की चाक कसं थांबेल, हे ती सांगायची. पण दाबणाऱ्या बोटाला काय वाटायला हवं, हे ठरवणारी माणसं वेगळ्या इमारतीत बसायची. ती माणसं अधूनमधून खाली येत, तिने केलेला भाग हातात घेऊन "जरा रागीट वाटतोय" असं काहीतरी म्हणत आणि निघून जात. दुसरी एखादी असती तर चिडली असती. ही घरी येऊन मला विचारायची, "ताई, हा खरंच रागीट वाटतो का गं?" मी तो हातात घेऊन बघायची. आणि खरं सांगते, वाटायचा.

अर्जासोबत स्वतःच्या कामाचा संग्रह पाठवायचा होता. आ-छीने साहेबांना विचारलं, की कारखान्यातली माझी रेखाचित्रं दाखवली तर चालतील का. साहेब भला माणूस. त्यांनी तिला चहा पाजला आणि नाही म्हणाले. जे कारखान्यात काढलं ते कारखान्याचं, तसा करारच होता. त्या संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीवर बसली, आणि तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं रोज काही ना काही बनवूनही स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे काहीच नाही.

"घरातलं काही दाखव," मी म्हटलं. "सोयाच्या दुधाच्या यंत्राचं झाकण तूच बसवलंस की."

"ताई, ते मी चिकटपट्टीने बसवलंय."

शिवाय एक निबंध लिहायचा होता, मला हे का शिकायचंय म्हणून. तिने लिहिलेला मी वाचला. त्यात 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द इतक्यांदा आला होता की मला जांभई आली. मी म्हटलं, "अगं, आपल्या घरात असं कोण बोलतं? ही बाई समोर आली तर मी तिला पोळीसुद्धा विकणार नाही." तिने कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि आत निघून गेली.

तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली.

आमच्याकडे ही गाडी रोज संध्याकाळी गाणं वाजवत येते. सूर लांबून ऐकू आला की सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर येते, कारण पिशवी रस्त्यावर ठेवायची नाही, आपल्या हाताने गाडीत टाकायची. गाडी कोणासाठी थांबत नाही. सगळे उभे होते, फक्त आमच्या शेजारच्या छुन-मावशी नव्हत्या. गाडी वळणावर गेली तेव्हा त्या जिना उतरून आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. रिकामा रस्ता पाहिला, पिशव्यांकडे पाहिलं, आणि आम्हाला बघून अशा हसल्या, जणू फिरायलाच खाली आल्या होत्या.

छुन-मावशींना लहानपणीच्या तापानंतर ऐकू येत नाही. त्या वरच्या मजल्यावर कपडे आखूड करणं, कंबर सैल करणं अशी शिवणाची कामं करतात. आई दुकानात असायची तेव्हा आम्ही दोघी बहिणी त्यांच्याच मशीनखाली खेळलो, त्यामुळे त्यांच्या हातांची भाषा आम्हाला येते. त्यांचे यजमान श्यू-काका होते तोवर गाडीचा प्रश्न नव्हता. काका गेल्यापासून मावशींची गाडी सारखी चुकत होती, आणि कोणाला सांगायला त्यांना आवडत नव्हतं.

आ-छी दारात येऊन हे बघत होती. तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की हातातली रिकामी बादली पडली.

"ताई, हे."

"काय हे?"

"हेच करते मी." आणि ती मावशींच्या पिशव्या स्कूटरला अडकवून गाडीच्या मागे सुटली. पुढच्या चौकात गाठली म्हणे.

पहिला प्रयत्न सोपा होता. मावशींकडे फोन होता, आणि गाडी कुठवर आली ते फोनवर कळतंच. आ-छीने तो थरथरेल असा करून दिला. दोन दिवसांनी बघते तर फोन तांदळाच्या डब्यात. मावशी आधी सांगेनात. मग हातांनी म्हणाल्या, की काका रुग्णालयात होते तेव्हा हा असाच थरथरायचा, आणि एकदाही चांगलं काही सांगितलं नाही त्याने. आता थरथरला की छातीत धस्स होतं.

आ-छीने फोन पुसून परत दिला, आणि घरी येऊन मला म्हणाली, "हे मला सुचायला हवं होतं." चेहऱ्यावर दुःख होतंच, पण डोळे असे चमकत होते की मला वाटलं हिला ताप आलाय.

मग तिने दिवा लावला. गाडी आली की लाल दिवा लागणार. मावशी मशीनवर वाकलेल्या, दिवा पाठीमागे. मग दिवा समोर लावला, तर मावशींनी त्यावर कापड वाळत घातलं. मग आ-छी एका रविवारी तिथे नुसती जाऊन बसली. काही न करता. मावशी शिवत होत्या. मध्येच काहीतरी विचारायला मी वर गेले, आणि सवयीप्रमाणे दारातून पाय आपटला. मावशींनी लगेच मान वर केली.

आम्ही लहानपणापासून त्यांना अशीच हाक मारतो. त्यांच्या वरच्या खोलीत जुन्या फळ्यांची जमीन आहे, दारात पाय आपटला की हादरा खुर्चीपर्यंत पोचतो. श्यू-काकाही असंच करायचे. इतकी रोजची गोष्ट की ती कोणाला दिसलीच नव्हती.

आ-छी उठून उभी राहिली. "परत आपट."

मी आपटला. मावशींनी वैतागून हातांनी विचारलं, "काय?"

"काही नाही, मावशी. तुम्ही शिवा," आ-छीने हातांनी सांगितलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "परत."

त्यानंतरचे दिवस आमचं घर घर राहिलं नाही. जेवणाच्या टेबलावर तारा, मोरीत तारा. कारखान्यातून आली की आ-छी कपडेही न बदलता कामाला बसायची. कान आणि पाय असे दोन भाग होते त्या वस्तूचे. कानाचं काम तिला येत होतं. छोटा मायक्रोफोन, त्याला गाडीचा सूर शिकवलेला, सूर ओळखला की पायाला हुकूम. ते चटकन जमलं. पण पहिल्याच आठवड्यात मावशी भर दुपारी पिशव्या घेऊन खाली येऊन उभ्या राहिल्या. गाडीचा पत्ता नाही. आम्ही कान दिला, तर कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांची मुलगी पियानोवर तोच सूर घटवत होती.

आई म्हणाली, "त्या पोरीला दुसरं काहीतरी शिकायला सांगा."

आ-छी मात्र आनंदाने टुणकन उडालीच. ती म्हणाली, पियानो जागेवर असतो, गाडी जवळ येते. म्हणजे सूर ओळखून भागणार नाही, तो वाढत येतोय का हेही ऐकायला हवं. तिने ते शिकवलं. मग पियानो कितीही वाजो, पाय ढिम्म हलायचा नाही, आणि गाडी मंदिराच्या वळणावर आली की आपटायचा.

पायाने मात्र तिला रडवलं. आधी तिने एक लोखंडी दट्ट्या केला, वर जाऊन खाली पडणारा. मावशींनी काही दिवस सोसला आणि परत आणून दिला. हातांनी म्हणाल्या, "हा हातोडा आहे. कोणी मारतंय असं वाटतं."

"हळू करू का?"

"हळू नको. माणसासारखा कर."

"माणसासारखा म्हणजे कसा, मावशी?"

मावशी उठल्या. दारात गेल्या, काकांसारखं पोट पुढे काढलं, आणि पाय आपटून दाखवला. आधी टाच, मग पंजा. दोनदा. थांबल्या. मग एकदा. आम्ही दोघी हसायला लागलो, कारण हुबेहूब काका दारात उभे होते. मावशीही हसत होत्या. आ-छीने खाली बसून त्यांचा पाय हातात घेतला आणि म्हणाली, "परत करा. हळूहळू."

त्यातून तो पाय झाला. खाली डुलत्या खुर्चीच्या पायासारखा किंचित गोल, म्हणजे टाच आधी टेकते आणि पंजा मागून येतो. लोखंड फळीवर फार टणक लागत होतं म्हणून रबर हवं होतं. तिने किती तऱ्हेची रबरं लावून बघितली, आणि शेवटी आई कंटाळून म्हणाली, "चप्पल घाल ना त्याला." आई चेष्टा करत होती. आ-छी बाजारात जाऊन निळ्या-पांढऱ्या रबरी चपला घेऊन आली, ज्या आमच्याकडे प्रत्येक घराच्या दाराशी असतात, आणि त्यातली एक पायाला बसवली. पहिल्यांदा तो चालवला तेव्हा मावशी मशीनवर होत्या. मान वर न करता त्यांनी एक हात हलवला, 'येते, येते' असा. मग त्यांचा हात हवेतच थांबला. वळून त्यांनी चपलेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून पिशव्या उचलल्या आणि गाडी यायच्या आधीच खाली जाऊन, सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या.

आ-छीने निबंध फाडला आणि नवा लिहिला. त्यात तांदळाच्या डब्यातला फोन होता, पियानो होता, काकांचं पोटसुद्धा होतं. मी वाचून म्हटलं, "या बाईला पोळी विकेन." तिने सगळं पाठवून दिलं. थंडी पडायच्या सुमारास मुलाखतीचं बोलावणं आलं.

आम्ही दोघी गेलो. मी जाणं भाग होतं, कारण पायाला गाडी जवळ येतेय असं भासवायचं तर कोणीतरी सूर वाजवत लांबून चालत यायला हवं. दुकानावर आई आणि तिची मैत्रीण उभ्या राहिल्या. आगगाडीत आ-छीने पायाचा खोका मांडीवर ठेवला होता आणि मुलाखतीची उत्तरं पुटपुटत होती. मी डबा उघडला, तर वास येतो म्हणाली. मग माझ्या डब्यातली कोंबडीची तंगडी तीच खाऊन बसली.

"भीती वाटतेय का?" मी विचारलं.

"नाही," ती हाडूक चोखत म्हणाली. "ताई, मला ना कधी एकदा दाखवते असं झालंय."

विद्यापीठाच्या त्या इमारतीत बाकावर बरीच मुलं बसली होती. सगळी तिच्याहून लहान, काळे कपडे, पातळ चकचकीत लॅपटॉप. एकाकडे काचेचं काहीतरी होतं, ते श्वास घेतल्यासारखं उजळायचं आणि मंद व्हायचं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आ-छीने आमचा खोका बाकाखाली सरकवला. मग तिने सहज म्हणून पाय आपटला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई. जमीन."

"काय झालं जमिनीला?"

"सिमेंट आहे."

मीही आपटून बघितला. काही नाही. माझ्याच टाचेला झिणझिण्या आल्या. आम्ही पाय आणला होता, कान आणला होता, आणि जमीन घरी विसरलो होतो. आ-छी म्हणाली, "अर्धी वस्तू मावशींच्या घरी आहे. मी हे कधी बघितलंच नाही." त्या क्षणीसुद्धा तिला त्यात मजा वाटत होती, हे मला दिसलं, आणि मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

मी धावत खाली गेले. पहारेकऱ्याला विचारलं, एखादी फळी आहे का हो, उभं राहण्याएवढी. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बाई, इथे विटासुद्धा मिळणार नाहीत. सगळं संगणकावर करतात." मी परत वर येते तोवर तिच्या नावाचा पुकारा झाला होता. दार बंद होताना तिने मला एवढंच सांगितलं, "मी दार उघडलं की तू तिकडच्या टोकाकडून निघ."

आत काय झालं ते तिने मला नंतर इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. आत तीन जण होते. मधे प्राध्यापिका लियान, पिकल्या केसांच्या, सरळ पाठीच्या. एका बाजूला गोल चष्म्याचे तरुण सर. दुसऱ्या बाजूला एक वयस्कर सर, त्यांचे डोळे मिटलेले होते. समोर लांबलचक लाकडी टेबल.

आ-छीने टेबल बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने खोका उघडला आणि ती चप्पल सरळ टेबलावर, प्राध्यापिका लियान यांच्या चहाच्या शेजारी ठेवली.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"पाय आहे, बाई. चप्पल नवीन आहे. कालच धुतलीये."

"टेबलावर?"

"जमिनीवरच ठेवायचा असतो. पण तुमची जमीन याला चालत नाही. टेबल चालेल. तुम्ही तिघांनी टेबलावर तळहात ठेवाल का? आणि हवं तर डोळे मिटा."

"ते मिटलेलेच आहेत," वयस्कर सर म्हणाले.

तिने दार उघडलं. मी कॉरिडॉरच्या त्या टोकाला उभी होते, गाडीचा सूर भरलेला छोटा भोंगा छातीशी धरून. मी सूर सुरू केला आणि चालायला लागले. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. पहिल्या खोलीतून कार्यालयातली बाई कचऱ्याची टोपली घेऊन बाहेर आली. तिच्यामागून एक विद्यार्थी जेवणाचे रिकामे डबे घेऊन पळत आला. तिसऱ्या दारातून कोणीतरी ओरडलं, "थांबा, थांबा, आलो." कॉरिडॉरच्या मधोमध मी, आणि माझ्यामागे टोपल्या घेतलेली ही वरात. पहारेकरी जिन्यातून वर आला आणि म्हणाला, "गाडी आता वर यायला लागली का?" मला हसू आवरेना, पण थांबता येत नव्हतं. मी थांबले की सूर वाढायचा थांबणार. मी चालतच राहिले, वरात माझ्यामागे.

मी दारापाशी पोचले आणि टेबलावर तो यंत्राचा पाय आपटायला लागला. टाच, पंजा. टाच, पंजा. थांबला. मग एकदा.

तिघांचे हात टेबलावर होते. चहाच्या पेल्यात गोल लाटा उठल्या. वयस्कर सरांनी डोळे उघडले आणि पाठीमागे दाराकडे बघितलं, तिथे कोणी उभं असावं तसं. तिथे मी होते, भोंगा घेऊन, आणि माझ्या खांद्यावरून टोपलीवाली बाई डोकावत होती.

"गाडी नाहीये," मी तिला म्हटलं. "माफ करा हं."

दार पुन्हा बंद झालं. गोल चष्म्याचे सर म्हणाले, की गाडी कुठे आहे ते फोनवर दिसतं, फोन थरथरतो, मग एवढा खटाटोप कशाला. आ-छीने तांदळाच्या डब्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ठीक आहे, पण ही एका बाईची गोष्ट झाली. तशा किती बायका आहेत?

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "मी एकीलाच ओळखते. दुसरीच्या घरी सिमेंट असेल तर हा पाय फुकट आहे. ते मला आज इथे बाकावर बसल्यावर कळलं."

"आजच?" प्राध्यापिका लियान यांनी विचारलं.

"हो. थोड्या वेळापूर्वी."

"म्हणजे आम्ही विचारलं नसतं तरी तुम्ही सांगितलं असतं?"

"बाई, मी चप्पल तुमच्या चहाशेजारी ठेवलीये. लपवायला काय उरलंय?"

वयस्कर सर हसले. प्राध्यापिका लियान हसल्या नाहीत. त्यांनी ती चप्पल उचलली, खालची गोलाई अंगठ्याने चाचपली, आणि विचारलं, "तुम्हाला यंत्र करता येतं. नोकरी आहे. मग आमच्याकडे येऊन काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर तिने आगगाडीत घोकलं होतं. ती म्हणते, ते त्या क्षणी डोक्यातून साफ पुसलं गेलं. ती म्हणाली, "कानाचं काम मला येत होतं. पायाचं येत नव्हतं. मावशींनी करून दाखवलं, आईने चेष्टा केली, माझ्या बहिणीने योगायोगाने दारात पाय आपटला, म्हणून तो जमला. पुढच्या वेळी मला असं नशिबावर बसायचं नाहीये. कुठे बघायचं ते मला शिकायचंय."

प्राध्यापिका लियान यांनी चप्पल खाली ठेवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मुलाखत संपली.

बाहेर आल्यावर आम्ही समोरच्या गाडीवर मटणाच्या रश्शातल्या शेवया खाल्ल्या, आणि आ-छी सबंध वेळ बोलत होती. त्या टेबलाचं लाकूड कुठलं असेल, सिमेंटच्या घरात काय करता येईल, खुर्चीचे पाय वापरता येतील का. रस्सा गार झाला. मी विचारलं, "घेतील का गं तुला?" ती क्षणभर थांबली, जणू तो प्रश्न तिच्या ध्यानातच नव्हता.

निकाल लागला तेव्हा दुकानात ऐन गर्दी होती. आ-छीने सुट्टी घेतली होती आणि गल्ल्यापाशी फोनला डोळे लावून बसली होती. वरच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी तव्यावरून बघत होते, तिचा चेहरा उतरला. मग तिने बोट खाली सरकवलं.

"प्रतीक्षा यादीत आहे," ती म्हणाली. "पहिली."

आईला आधीचे शब्द ऐकू आले नाहीत की ऐकायचे नव्हते, देव जाणे. ती गिऱ्हाइकांना सांगायला लागली, "आमची पोर पहिली आली." एका म्हाताऱ्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. आ-छी म्हणाली, "आई, पहिली म्हणजे तशी पहिली नाही." आई म्हणाली, "पहिली ती पहिली," आणि त्या दिवशी सगळ्यांना मुळ्याची वडी फुकट दिली.

मग वाट बघणं सुरू झालं. वरच्या कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. आईने मंदिरात जाऊन प्रार्थना केली, की त्या लोकांना याहूनही चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळू दे. "कोणाचं वाईट चिंतलं नाही मी," ती मला म्हणाली. आ-छी कामावर जात होती, पण संध्याकाळी तारा पुन्हा टेबलावर पसरायला लागल्या. आता ती खुर्चीवर प्रयोग करत होती. मावशी खुर्चीत बसून नाक मुरडायच्या आणि हातांनी म्हणायच्या, "गुदगुल्या होतात. हे नको."

फोन आला तेव्हा ती कारखान्यात होती. तिने आम्हाला कळवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती स्कूटरवरून थेट दुकानाशी आली, आणि हेल्मेट न काढताच आत शिरून मला मिठी मारली. माझ्या गालावर हेल्मेटची काच आपटली. आतून ती काहीतरी बोलत होती, मला एक अक्षर कळेना.

"हेल्मेट काढ आधी," आई म्हणाली.

तिने काढलं. केस घामाने चिकटलेले, कान लालबुंद. "घेतलं," ती म्हणाली. "एकाने परदेशी जायचं ठरवलं. मला घेतलं."

आई गल्ल्यामागे खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. बघते तर ती पदपथाकडे पाठ करून, ॲप्रनने डोळे पुसत होती. मग उठली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता तैपेईत खोली बघायला हवी. तिथे भाडी काय आहेत ठाऊक आहे का कोणाला?"

मावशींना आ-छीने स्वतः सांगितलं. मी दारात होते. मावशींनी तिचे दोन्ही गाल धरून हलवले. मग एकदम गंभीर झाल्या आणि हातांनी विचारलं, "आणि पाय बिघडला तर?"

"ताईला शिकवून जाते."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जो अविश्वास होता, तो माझ्या अजून लक्षात आहे. मी शिकले. फार नाही, पण तार सुटली तर जोडता येते मला.

सप्टेंबरात ती गेली. पहिल्या आठवड्यात तिने भर सकाळी फोन केला, तव्यावर चार पोळ्या असताना. मी फोन खांद्याने कानाशी धरला. ती धाप लागल्यासारखी बोलत होती. पहिला गृहपाठ म्हणे, एका बसथांब्यावर जाऊन बसायचं आणि नुसतं बघायचं, काही करायचं नाही. "ताई, एक माणूस होता, त्याने बस थांबवायला हात केला ना, तर नुसता हात नाही, सगळं अंगच पुढे झुकवलं. आणि बस थांबली तरी तो झुकलेलाच. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"आणि मग त्याच्यामागे एक बाई होती..."

गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं. आई माझ्याकडे डोळे वटारत होती. मी ऐकत राहिले. चारही पोळ्या करपल्या. मी त्या बाजूला काढल्या, तवा पुसला आणि नव्याने अंडी फोडली.